चवीनुसार मीठ म्हणजे नेमकं किती?

पाककृतीचं पुस्तक उघडलं, साहित्य ओट्यावर मांडलं, कढई तापत ठेवली आणि कृतीच्या सहाव्या ओळीत वाचलं, 'आठ तास भिजवलेली डाळ आता यात घालावी.' अशा वेळी त्या पुस्तकाच्या लेखिकेला आपण मनातल्या मनात जे काही म्हणतो ते इथे छापता येणार नाही. आधी सांगायला काय झालं होतं हिला? राग तिच्यावर निघतो आणि तो रास्तच असतो.

पण मोबाइलच्या पडद्यावर किंवा एखाद्या सॉफ्टवेअरच्या माहितीपत्रकात अगदी अशाच उलट्यासुलट्या सूचना असल्या की आपण लिहिणाऱ्याला काही म्हणत नाही. "आपल्याला बाई हे जमत नाही," असं म्हणून फोन मुलाच्या हातात देतो. मुलगा दोन मिनिटांत काहीतरी करून परत देतो. त्याने काय केलं हे तोही सांगत नाही, आपणही विचारत नाही.

मैत्रिणींनो, मला आज बोलायचंय ते या सूचनांबद्दल. 'कॉन्फिगरेशन' या जड शब्दाला घाबरू नका. नवं शिलाई मशीन घरी आलं की ते तसंच चालवत नाही आपण. दोऱ्याचा ताण बघतो, टाका लहान-मोठा करतो, जाड कापड असेल तर सुई बदलतो. मशीन तेच, पण आपल्या कामासाठी जुळवून घ्यावं लागतं. सॉफ्टवेअरचंही तसंच. कोणाला माझा फोटो दिसावा, माझी माहिती कुठे साठवावी, फोन हरवला तर काय व्हावं, हे सगळं आधी ठरवून द्यावं लागतं. त्या जुळवणीला कॉन्फिगरेशन म्हणायचं, आणि रोजच्या भाषेत सेटिंग. (गटाच्या बैठकीत "आज आपण सेटिंग शिकणार" असं म्हटल्यावर जी खसखस पिकली, त्याचं कारण सांगायला नकोच!)

आता हसणं बाजूला ठेवून एक घडलेली गोष्ट सांगते. माझ्या ओळखीच्या एका बचत गटाने वहीऐवजी मोबाइलच्या एका ॲपमध्ये हिशेब ठेवायला सुरुवात केली. बारा बायका, महिन्याला दोनशे रुपये बचत, आतल्या आत कर्ज, त्याचं व्याज. हिशेब ठेवणाऱ्या ताई दहावी पास, अक्षर सुरेख, कामाला चोख. अकरा महिने सगळं सुरळीत चाललं. मग त्यांचा फोन बिघडला. दुकानदाराने तो पुसून नव्यासारखा करून दिला. ॲप पुन्हा घेतलं तर आत काहीच नाही. अकरा महिन्यांचा हिशेब गेला.

त्या ॲपमध्ये सोय नव्हती का? होती की. तिथे मराठीत लिहिलेलं होतं, 'डेटा पुनर्संचयनासाठी क्लाउड समक्रमण सक्षम करा.' ताईंनी ते पहिल्याच दिवशी वाचलं होतं. "मला वाटलं, सरकारी काहीतरी असेल, आपल्यासाठी नसेल," त्या म्हणाल्या.

पैसे कुठे गेले नव्हते, ते बँकेत होते. पण कोणी किती कर्ज घेतलं, किती फेडलं, कोणाचा हप्ता राहिला, हे सगळं विरून गेलं. मग सुरू झाली कुजबुज. एकीने विहिरीवर विषय काढला, दुसरीच्या नवऱ्याने पारावर. "असा कसा आपोआप पुसला जातो हिशेब?" ताईंनी दोन बैठकांना यायचंच टाळलं. शेवटी बँकेचं पासबुक, बायकांनी घरी ठेवलेल्या छोट्या वह्या आणि दोघी-तिघींनी काढलेले फोटो यांवरून सगळा हिशेब पुन्हा उभा केला. तीन आठवडे लागले. आकडे जुळले, पण ताईंनी हिशेबाचं काम सोडलं ते सोडलंच.

आता त्या वाक्याकडे पुन्हा बघा. त्यातला एकही शब्द चुकीचा नाही. भाषांतर करणाऱ्याने प्रत्येक इंग्रजी शब्दासाठी एक मराठी शब्द शोधून ठेवलाय. पण हे कशासाठी करायचं, केलं नाही तर काय होईल, करायला काय लागेल, यातलं काहीच त्यात नाही. तेच असं लिहिता आलं असतं: 'फोन हरवला किंवा बिघडला तरी हिशेब परत मिळावा असं वाटत असेल, तर हे बटण चालू करा. त्यासाठी फोनमध्ये जीमेलचं खातं लागेल. बटण बंद ठेवलंत, तर फोन बदलल्यावर जुना हिशेब परत आणता येणार नाही.' जागा थोडी जास्त लागते, पण एक बाई गावात मान खाली घालून फिरण्यापासून वाचते.

आपल्याकडे हे कोणाला कळलंच नव्हतं असं नाही. कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं आणि घराघरांत पोहोचलं, ते काय फक्त त्यातल्या पदार्थांमुळे? त्यांनी मापं दिली ती वाटी आणि चमच्यात, म्हणजे जे प्रत्येकीच्या हाताशी असतं त्यात. सासरी नव्याने स्वयंपाकाला लागलेल्या मुलीला 'चवीनुसार मीठ' या दोन शब्दांचा काहीच उपयोग नसतो, कारण चव अजून तिच्या हातात उतरलेली नसते. सॉफ्टवेअरच्या पत्रकातली 'आपल्या आवश्यकतेनुसार योग्य पर्याय निवडा' ही ओळ मला नेहमी त्या चवीनुसार मिठासारखी वाटते. योग्य कुठला हे कळत असतं, तर पत्रक उघडलं कशाला असतं? निदान एवढं तरी लिहा, की बहुतेक घरांसाठी हा पर्याय चालतो आणि अमुक कारण असेल तरच दुसरा घ्या.

आणि गंमत अशी की संगणकाच्या सूचना लिहिण्याच्या कामाची सुरुवात झाली त्यात बायका अगदी पुढे होत्या. अमेरिकेत १९४६ मध्ये एनियाक नावाचा खोलीभर पसरलेला संगणक जगासमोर आला. त्याला काम सांगायचं म्हणजे तारा एका जागेवरून काढून दुसरीकडे जोडायच्या आणि शेकडो खटके फिरवायचे. थोडक्यात, सगळा कारभारच जुळवणीचा! ते काम सहा तरुणींवर सोपवलं होतं आणि सुरुवातीला त्यांच्या हातात माहितीपुस्तक नव्हतंच. यंत्राचे आराखडे समोर ठेवून, विचारत विचारत त्या शिकल्या. पुढे त्याच वर्षी या यंत्राचं तपशीलवार वर्णन लिहून काढलं ते अॅडेल गोल्डस्टाइन यांनी. हार्वर्ड विद्यापीठातल्या मार्क-१ या दुसऱ्या संगणकाचं पाचशेहून अधिक पानांचं माहितीपुस्तकही १९४६ मध्येच निघालं. ते मुख्यतः ग्रेस हॉपर यांनी लिहिलं होतं. तेव्हा यंत्रं बांधणाऱ्यांच्या शेजारी बसून त्यांच्याबद्दल लिहिणाऱ्या बायका होत्या. आता मात्र सूचना कोण लिहितं, कुठे बसून लिहितं, ती एकदा तरी कोणाला वाचून दाखवतं का, हे कळायला मार्ग नाही.

नंतर हे पुस्तकं लिहिण्याचं काम इतकं वाढलं, की पुस्तकंच डोईजड झाली. १९८०च्या दशकात आयबीएम कंपनीच्या संशोधन केंद्रात जॉन कॅरोल नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. ऑफिसात टायपिंग करणारी माणसं नवा वर्ड प्रोसेसर कसा शिकतात हे ते शेजारी बसून बघत. त्यांना दिसलं, की पुस्तक पहिल्या पानापासून कोणी वाचतच नाही. माणसं थेट पत्र टाइप करायला घेतात, अडकली की पुस्तकात शोधतात, आणि पुस्तकात अडकण्याबद्दल काही नसतंच! मग त्यांनी एक छोटं पुस्तक तयार केलं. त्यात सुरुवातच खऱ्या कामाने, प्रस्तावनांना कात्री, आणि 'चुकून असं झालं तर असं करा' हे जागोजागी. मोठ्या पुस्तकापेक्षा या छोट्यावर माणसं लवकर शिकली. या सगळ्यावर त्यांनी १९९० साली 'द न्यूर्नबर्ग फनेल' हे पुस्तक लिहिलं. फनेल म्हणजे आपलं नसराळं. डोक्याला नसराळं लावून ज्ञान ओतता येईल अशी एक जुनी जर्मन थट्टा आहे, त्यावरून हे नाव. आपल्या शिबिरांत अजूनही तेच नसराळं चालू असतं, असं मला राहून राहून वाटतं. तीन तास भाषण, शेवटी चहा-बिस्किटं आणि हातात घडी केलेलं एक गुळगुळीत पत्रक.

ज्यांनी २००२ नंतर एमएस-सीआयटी केलं, त्यांना विंडोज एक्सपी आठवत असेल. २००१ सालच्या त्या प्रणालीत मराठी अक्षरं नीट दिसायला हवी असतील तर काय करावं लागे, माहीत आहे? प्रादेशिक आणि भाषिक पर्यायांच्या चौकटीत जाऊन एका ओळीपुढे बरोबरची खूण करायची. त्या ओळीचा अर्थ होता, 'गुंतागुंतीच्या लिप्या आणि उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषांसाठीच्या फाइल बसवा, थाईसह.' आता सांगा, ही ओळ आपल्यासाठी आहे हे कोणाला कळणार? मराठी उजवीकडून डावीकडे लिहीत नाहीत, आपण थायलंडचे नाही, आणि आपली लिपी गुंतागुंतीची आहे हे आपल्याला कधी कोणी सांगितलेलं नाही! तिच्या खालची ओळ होती पूर्व आशियाई भाषांची. भारत आशियातच, म्हणून एखादीने त्यावर खूण केली तर तिला दोष कसा द्यायचा? ती ओळ मात्र चिनी-जपानी-कोरियन लिप्यांसाठी होती. 'हिंदी, मराठी आणि इतर भारतीय भाषांसाठीही हेच' एवढे शब्द वाढवले असते, तर गल्लोगल्लीच्या कितीतरी कॉम्प्युटरवर मराठीच्या जागी चौकोन दिसले नसते.

हा सगळा त्रास फक्त गैरसोयीचा असता, तरी मी एवढं लिहायला बसले नसते. पण आता फोनमध्ये आपले पैसे आहेत, फोटो आहेत, मुलींचे नंबर आहेत. आणि मला यात सगळ्यात जास्त काय खुपतं सांगू? फसवणारे लोक उत्तम सूचना देतात. फोनवर तो भामटा किती धीराने बोलतो! "ताई, वर तीन ठिपके दिसतायत का? हां, ते दाबा. आता खाली या. हिरवं बटण दिसलं? घाई नाही, मी थांबलोय." एका वेळी एकच पायरी, पडद्यावर काय दिसतंय याचं वर्णन, मधून मधून खात्री करून घेणं. अशा सूचना कोणीही पाळेल, शिकलेली असो वा नसो. म्हणजे आपलं नुकसान करायला निघालेला माणूस आपल्या भाषेत बोलतो, आणि आपलं रक्षण करणारं सेटिंग मात्र 'द्वि-घटक प्रमाणीकरण कार्यान्वित करा' असं म्हणून गप्प बसतं. फसलेल्या बाईला "वाचलं नव्हतं का?" असं विचारणाऱ्यांनी आधी ते स्वतः मोठ्याने वाचून बघावं.

चांगली सूचना लिहिता येते याचं उदाहरणही पैशांच्याच बाबतीतलं आहे. यूपीआय २०१६ मध्ये आलं. त्यात 'पैसे पाठवा' अशी विनंती समोरच्याला धाडण्याची सोय होती, आणि "तुम्हाला पैसे मिळतायत, पिन टाका" असं सांगून कितीतरी लोकांना तिच्यातून फसवलं गेलं. त्यावर जे वाक्य खरोखर लक्षात राहिलं ते साधंसुधं होतं: पैसे घेताना पिन लागत नाही. बस्स. आमच्या भाजीवालीलाही ते पाठ आहे. पण समजावण्यालाही मर्यादा असतात. शेवटी यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला अशी विनंती पाठवण्याची सोयच १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करायला सांगितली. मला हा निर्णय आवडला. जिन्याच्या तुटक्या पायरीवर 'जपून' अशी पाटी किती दिवस लावायची? कधीतरी पायरीच दुरुस्त करावी लागते.

हिशेबाच्या त्या प्रकरणानंतर आम्ही चौघी-पाचजणींनी ठरवलं, की गटातल्या बायकांसाठी फोनच्या सेटिंगचं एक पानाचं पत्रक करायचं. कंपन्यांच्याच मराठी सूचना आधी मुद्दाम जशाच्या तशा कागदावर उतरवल्या आणि एकेकीच्या हातात कागद आणि फोन दिला. आमच्यासाठी नियम एकच: शेजारी बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. तिचं बोट जिथे थांबेल तिथे आपल्या कागदावर फुली मारायची. मैत्रिणींनो, गप्प बसणं किती अवघड असतं हे त्या दिवशी कळलं! हात शिवशिवतात. पण ज्या क्षणी आपण "अगं, ते नाही, ते" म्हणतो, त्या क्षणी कागदाची परीक्षा संपते आणि तिची सुरू होते.

फुल्या कुठे पडल्या, ते ऐकण्यासारखं आहे. 'क्लिक करा' म्हटल्यावर एका आजींनी फोनच्या कडेचं बटण दाबलं आणि पडदा काळा झाला. 'दाबा' म्हटल्यावर एकीने बोट दाबूनच ठेवलं, तर भलतीच यादी उघडली. शेवटी 'बोट टेकवून लगेच उचला' असं लिहिलं. 'सक्षम करा' या शब्दावर तर आठपैकी सहाजणी थांबल्या. तिथे लिहिलं, 'खटका उजवीकडे सरकवा, रंग आला की चालू झालं.' पत्रक मराठीत आणि फोन इंग्रजीत, ही आणखी एक अडचण. कागदावर 'गोपनीयता' लिहिलंय आणि पडद्यावर त्याचा इंग्रजी शब्द दिसतोय, मग जुळायचं कसं? म्हणून पडद्यावरचा शब्द जसा दिसतो तसाच, त्याच अक्षरांत लिहिला आणि शेजारी त्याचा अर्थ दिला. अर्थ वाचून शब्द कळतो, आणि अक्षरांचं चित्र जुळवून जागा सापडते. इंग्रजी न येणाऱ्या बायकांनाही ते जमलं.

सगळ्यात मोठी फुली होती फोनांच्या प्रकारांवर. एकीचा फोन एका कंपनीचा, दुसरीचा दुसऱ्या. एकीत जे तिसऱ्या ओळीवर, ते दुसरीत अकराव्या. त्यावर एकीच्या सुनेने तोडगा काढला: सेटिंगच्या पानावर सगळ्यात वर भिंगाचं चित्र किंवा शोधायची पट्टी असते, तिथे शब्द टाकला की फोन स्वतःच जागा दाखवतो. आता 'पाचव्या ओळीवर जा' असं आम्ही कुठेच लिहीत नाही.

पत्रकातला एक भाग तुमच्यासाठी देते. 'व्हॉट्सॲपवरचा तुमचा फोटो कोणी अनोळखी माणसाने बघू नये असं वाटतं का? व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, आणि त्यात प्रोफाइल फोटो असं लिहिलेलं असेल तिथे जा. तिथे एव्हरीवन म्हणजे सगळे, असं आधीपासून निवडलेलं असू शकतं. त्याऐवजी माय काँटॅक्ट्स निवडा. मग ज्यांचे नंबर तुमच्या फोनमध्ये साठवले आहेत त्यांनाच फोटो दिसेल. तुमचा फोटो पुसला जाणार नाही, कोणाला निरोपही जाणार नाही. परत बदलावंसं वाटलं, तर याच ठिकाणी येऊन बदलता येतं.' शेवटची दोन वाक्यं बायकांनीच घालायला लावली. "याने कोणाला कळेल का?" आणि "परत फिरवता येतं का?" हे दोन प्रश्न प्रत्येकीने विचारले. कुठल्याही छापील सूचनेत मला यांची उत्तरं अजून दिसलेली नाहीत. आपल्याकडे बाई एखादं बटण दाबत नाही, ते अनेकदा समजलं नाही म्हणून नसतं. घरात कोणी काय म्हणेल, ही भीती असते.

पत्रकाच्या खाली आम्ही महिना आणि वर्ष घालतो. ॲप बदलत राहतात, आणि जुनं पत्रक मागच्या वर्षीच्या पंचांगासारखं होतं. दिसायला सगळं बरोबर, पण तिथी भलतीच.

कायद्याने यात थोडं पाऊल टाकलंय. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात म्हटलंय, की तुमची माहिती वापरायला संमती मागायची तर ती साध्या, स्पष्ट भाषेत मागायला हवी, आणि इंग्रजी किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत ती वाचायची सोय हवी. मराठी त्या अनुसूचीत आहेच. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. पण हे झालं संमतीपुरतं. सेटिंगची सूचना कळेल अशी लिहा, असं त्यात म्हटलेलं नाही. शिवाय 'साधी भाषा' कोणी ठरवायची? साध्या भाषेसाठी २०२३ मध्ये एक आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओचं, निघालं आहे. त्याचा गाभा असा, की वाचणाऱ्याला हवं ते मिळालं पाहिजे, सहज सापडलं पाहिजे, कळलं पाहिजे आणि वापरता आलं पाहिजे. यातलं शेवटचं 'वापरता आलं' हे कार्यालयात बसून ठरत नाही. त्यासाठी कागद घेऊन कोणाच्या तरी ओसरीवर जावं लागतं.

तुमच्यापैकी जिचं मराठी चांगलं आहे आणि दुपारचा तासभर मोकळा असतो, तिला करण्यासारखं यात पुष्कळ आहे. फायरफॉक्स, लिबरऑफिस यांसारखी जी मुक्त सॉफ्टवेअर आहेत, त्यांच्या मदतीच्या मजकुराचं लिखाण आणि भाषांतर स्वयंसेवक करतात. त्यासाठी कॉम्प्युटरची पदवी लागत नाही. आम्ही बी.ए. झालेल्यांनी व्याकरणाचे पेपर लिहिले, निबंध लिहिले, ते कधीतरी असं कामाला येऊ दे की! आणि तेवढं नको असेल, तर गटापुरतं एक पान करा. लिहिणारी एक आणि अडखळणाऱ्या आठ, एवढी फौज पुरते.

आमचं तिसरं पत्रक सध्या एका शब्दावर अडून बसलंय. दर महिन्याला आपोआप पैसे कापून घेणारी सेवा बंद कशी करायची, यावर ते आहे. बंद करायला गेलं की एका ॲपमध्ये पडदा विचारतो, 'सेवा रद्द करायची आहे?' आणि खाली दोन बटणं असतात. एकावर 'रद्द करा', दुसऱ्यावर 'ठीक आहे'. आता सेवा रद्द करायला कुठलं दाबायचं, यावर परवाच्या बैठकीत बायकांचे सरळ दोन तट पडले. चहा निवून गेला, तरी ठरलं नाही.